चित्र चालू, आवाज बंद : ओबीएस स्टुडिओ आणि तुटणाऱ्या ध्वनीचा शोध

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री मी शर्यतीच्या एका खेळाचे थेट प्रक्षेपण करत होते. शेवटचा फेरा सुरू होता, पुढच्या गाडीशी असलेले अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत आले होते आणि माझे समालोचन रंगात आले होते. तेवढ्यात चॅटमध्ये एकामागून एक ओळी येऊ लागल्या : "ताई, आवाज गेला", "फक्त गाडीचा आवाज येतोय", "आला आला", "परत गेला". चित्र अखंड चालू होते, इंजिनाची घरघरही प्रेक्षकांपर्यंत पोहोचत होती, परंतु माझा आवाज दर आठ-दहा मिनिटांनी तीन-चार सेकंदांसाठी नाहीसा होत होता. माझ्याकडे येणारी मंडळी खेळ पाहण्यापेक्षा मराठीतले समालोचन ऐकायला येतात, कारण खेळ त्यांना इतर शेकडो ठिकाणी पाहता येतो. त्यामुळे माझ्या प्रक्षेपणात चित्र थोडे धूसर झाले तर चालते, पण आवाज गेला की काहीच उरत नाही.

पुढचे तीन आठवडे मी या एकाच दोषाच्या मागे होते. या काळात बरेच सल्ले मिळाले, काही वस्तू विकत घ्याव्यात असेही सुचवले गेले, आणि अखेर ज्या साधनाने दोषाची जागा दाखवली ते माझ्या संगणकावर पहिल्या दिवसापासून होतेच. ते म्हणजे ओबीएस स्टुडिओ, संगणकावरचे चित्र आणि आवाज एकत्र करून प्रक्षेपित किंवा रेकॉर्ड करणारे सॉफ्टवेअर. या सॉफ्टवेअरची परीक्षणे बहुधा त्यातील दृश्ये, फ्रेम आणि चित्राचा दर्जा यांभोवती फिरतात. मी ते सर्व बाजूला ठेवून केवळ एका प्रश्नावर लिहिणार आहे : प्रक्षेपणात आवाज तुटू लागला तर हे साधन आपल्याला किती मदत करते?

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. ओबीएस म्हणजे ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये ते सुरू केले, आणि आज ते विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्हींवर चालते. ते पूर्णपणे मोफत आहे, त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यात जाहिरात नाही आणि चित्रावर कोणताही शिक्का उमटत नाही. मी जे लिहीत आहे ते विंडोजवरील अनुभवातून आहे, कारण खेळांचे प्रक्षेपण करणारे आपल्याकडचे बहुतेक लोक विंडोजच वापरतात.

आवाज तुटल्याची तक्रार आली की सर्वप्रथम इंटरनेटला दोष दिला जातो. मीही तेच केले. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाला दोनदा घरी बोलावले, त्याने राउटर बदलून दिला आणि आवाज पूर्वीसारखाच तुटत राहिला. ओबीएसची कार्यपद्धती तेव्हा ठाऊक असती तर हा फेरा वाचला असता. यूट्यूब किंवा ट्विच अशा प्रक्षेपणाच्या मंचाकडे नेहमीच्या पद्धतीने प्रक्षेपण पाठवताना अपलोडचा वेग कमी पडला, तर ओबीएस पाठवायच्या रांगेतून चित्राच्या काही फ्रेम गाळते. ध्वनीची पाकिटे मात्र ते गाळत नाही. यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. ६,००० केबीपीएसचे (सेकंदाला तितके किलोबिट) चित्र आणि १६० केबीपीएसचा ध्वनी असेल तर एकूण भारात ध्वनीचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे तो गाळून फारशी जागा मोकळी होत नाही आणि ऐकणाऱ्याचे नुकसान मात्र पूर्ण होते.

यातून निदानाचा एक भक्कम नियम हाती लागतो. जाळ्याचा, म्हणजे इंटरनेटचा, दोष असेल तर आधी चित्र अडखळते, आणि दोष फारच मोठा असेल तर चित्र व ध्वनी एकत्र थांबतात. चित्र सुरळीत चालू असताना फक्त आवाज जात असेल, आणि तोही अनेक प्रेक्षकांना एकाच वेळी, तर इंटरनेटकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. एकाच प्रेक्षकाची तक्रार असेल तर दोष त्याच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. ओबीएसच्या 'स्टॅट्स' या खिडकीत गाळलेल्या फ्रेमचा आकडा टक्केवारीसह दिसतो. माझ्या त्या रविवारच्या प्रक्षेपणात तो शून्य होता. हा आकडा पहिल्याच दिवशी पाहायला हवा होता.

दोष घरातच आहे हे ठरले की पुढचा प्रश्न उरतो तो कोणत्या टप्प्यावर आहे हा. आवाज मायक्रोफोनमधून निघून यूएसबीच्या तारेने संगणकात येतो, विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेतून जातो, ओबीएसमध्ये त्यावर फिल्टर (आवाज साफ करणारी साधने) बसतात, मग तो इतर आवाजांत मिसळतो, एन्कोड होतो, म्हणजे पाठवण्यासाठी आटोपशीर रूपात बदलतो, आणि बाहेर पडतो. यांपैकी कोठेही खंड पडला तरी प्रेक्षकाला एकच अनुभव येतो, तो म्हणजे शांतता. ओबीएसमधील ज्या सोयीमुळे मी हे परीक्षण लिहायला बसले ती येथे उपयोगी पडते : ध्वनीचे सहा स्वतंत्र ट्रॅक, म्हणजे एकाच फाइलमध्ये वेगवेगळे साठणारे आवाजाचे पदर.

ही सोय पुष्कळांना माहीत असते, पण ती संपादनासाठी आहे असे समजून बाजूला ठेवली जाते. मी तिचा वापर निदानासाठी केला आणि तो असा. 'आउटपुट'च्या सेटिंग्जमध्ये साध्या पद्धतीऐवजी 'ॲडव्हान्स्ड' निवडले, रेकॉर्डिंगच्या भागात पहिल्या चार ट्रॅकवर खूण केली आणि फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवला, कारण त्यात अनेक ट्रॅक राहतात आणि मध्येच संगणक बंद पडला तरी तोवरचे रेकॉर्डिंग वाचते. त्यानंतर मिक्सरमधील (आवाजांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या भागातील) 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडून पहिल्या ट्रॅकवर प्रेक्षकांना जाणारे संपूर्ण मिश्रण, दुसऱ्यावर केवळ मायक्रोफोन, तिसऱ्यावर केवळ खेळ आणि चौथ्यावर केवळ डिस्कॉर्ड या बोलण्याच्या ॲपवरील सोबत्यांचे बोलणे अशी वाटणी केली. प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंग एकाच वेळी सुरू ठेवले, आणि चॅटमध्ये "आवाज गेला" असे आले की घड्याळातील वेळ कागदावर टिपून ठेवली.

खेळ आणि डिस्कॉर्ड यांचे आवाज वेगळे करण्यासाठी 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' हा स्रोत वापरावा लागतो. तो २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून ओबीएसमध्येच मिळतो आणि त्यासाठी विंडोज १० ची २००४ ही किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. एक खबरदारी महत्त्वाची आहे : हा स्रोत जोडल्यावर संगणकाचा सगळा आवाज घेणारा 'डेस्कटॉप ऑडिओ' बंद करावा, अन्यथा तोच आवाज दोन वाटांनी येतो, किंचित मागेपुढे होऊन एकमेकांवर बसतो आणि विहिरीतून आल्यासारखा पोकळ ऐकू येतो. असा पोकळपणाही काही प्रेक्षक "आवाज कट होतोय" याच शब्दांत कळवतात, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरून दोषाचा प्रकार ठरवण्याची घाई करू नये.

दोन तासांचे रेकॉर्डिंग मी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. चारही ट्रॅक एकाखाली एक दिसत होते. टिपलेल्या वेळांपाशी जाऊन पाहिले तेव्हा तिसरा आणि चौथा ट्रॅक अखंड होता, तर दुसऱ्यात, म्हणजे मायक्रोफोनच्या ट्रॅकमध्ये, प्रत्येक वेळी एकदम सपाट रेषा होती. आवाज हळूहळू मंदावला नव्हता, तर शब्दाच्या मध्यावर कापल्यासारखा थांबला होता आणि साडेतीन सेकंदांनी पुन्हा सुरू झाला होता. मिसळणे, एन्कोड करणे, पाठवणे या सर्व टप्प्यांची सुटका या एका दृश्याने झाली. दोष मायक्रोफोनपासून ओबीएसमधील फिल्टरपर्यंतच्या वाटेत कोठेतरी होता. तीन आठवड्यांत जे कळले नव्हते ते त्या संध्याकाळी दहा मिनिटांत कळले, आणि मला मनापासून आनंद झाला.

दुसरा पुरावा लॉग फाइलने दिला. ओबीएस प्रत्येक वेळी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतची तपशीलवार नोंद ठेवते, आणि 'हेल्प' मेनूतील 'लॉग फाइल्स'मधून ती उघडता येते किंवा त्यांच्या संकेतस्थळावर चढवून तिचे आपोआप विश्लेषणही करून घेता येते. टिपलेल्या प्रत्येक वेळेपाशी माझ्या लॉगमध्ये एकच आशय होता : ध्वनीचे उपकरण अवैध झाले असून पुन्हा जोडण्याचा प्रयत्न सुरू आहे. म्हणजे मायक्रोफोन काही क्षण विंडोजच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता, आणि तो परत दिसताच ओबीएस त्याला मुकाट्याने पुन्हा जोडून घेत होते. या पुनर्जोडणीसाठी मी ओबीएसची ऋणी आहे, कारण तसे झाले नसते तर त्या रात्री मी उरलेला एक तास मुक्यानेच बोलत राहिले असते.

कारण अखेर साधे निघाले. माझा मायक्रोफोन, वेबकॅम, बाह्य हार्ड डिस्क आणि कीबोर्ड हे सर्व एकाच स्वस्त यूएसबी हबमधून, म्हणजे एका पोर्टला अनेक उपकरणे जोडणाऱ्या पेटीतून, जोडलेले होते, आणि त्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता. हार्ड डिस्क झोपेतून जागी होऊन फिरू लागली की विजेचा ताण वाढे आणि मायक्रोफोन क्षणभर सुटे. रेकॉर्डिंग मी त्याच डिस्कवर साठवत होते आणि तरीही ती अधूनमधून झोपत कशी होती, हा प्रश्न मलाही पडला. तपासल्यावर दिसले की झोपणारी डिस्क दुसरी होती, जिच्यावर केवळ जुन्या चित्रफिती होत्या. तीही त्याच हबमध्ये होती.

यूएसबीवरून ध्वनी कसा येतो हे समजून घेतले तर अशा दोषांचे स्वरूप स्पष्ट होते. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. ध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला ठरावीक वेळेचा वाटा राखून ठेवलेला असतो, पण हुकलेला तुकडा पुन्हा मागवण्याची सोय नसते, कारण तो परत येईपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे ढिली तार, लांबलचक जोडतार किंवा गर्दीने भरलेला हब यांचा परिणाम फाइलींवर दिसत नाही, आवाजात मात्र लगेच जाणवतो. मायक्रोफोन संगणकाच्या मागील बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील पोर्टमध्ये लावावा आणि वेबकॅम शक्य तर दुसऱ्या पोर्टसमूहात लावावा. त्याचबरोबर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी.

एवढे केल्यावर तीन-चार सेकंदांची शांतता कायमची गेली. तरीही रेकॉर्डिंग बारकाईने ऐकताना मधूनच तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता, आणि तो केवळ माझ्या ट्रॅकमध्ये नव्हता, खेळाच्या ट्रॅकमध्येही होता. दोन वेगळ्या स्रोतांत एकाच क्षणी खंड पडत असेल तर कारण त्या दोघांच्या वर असले पाहिजे. येथे ओबीएसची मर्यादा येते, कारण विंडोजच्या आत काय चालले आहे हे ते दाखवत नाही. त्यासाठी मी लेटन्सीमॉन हे छोटे साधन वापरले. संगणकातील प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, काही तातडीची कामे प्रोसेसरकडून करून घेतो. एखाद्याने प्रोसेसर फार वेळ अडवून ठेवला तर ध्वनीचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, वेळेवर भरला जात नाही आणि तडतड ऐकू येते. कोणता ड्रायव्हर किती वेळ घेतो हे लेटन्सीमॉन नावानिशी सांगते. माझ्या बाबतीत यादीच्या शिरोभागी वायफायशी संबंधित ड्रायव्हर होता. ड्रायव्हर अद्ययावत केला, प्रक्षेपणाच्या वेळी वायफाय बंद ठेवून लॅनची तार लावली आणि तडतड थांबली. म्हणजे इंटरनेटच्या तारेने आवाज सुधारला, परंतु त्यामागे इंटरनेटचा वेग नव्हता.

तिसऱ्या प्रकारचा दोष माझ्या एका प्रक्षेपक मैत्रिणीच्या संगणकावर पाहायला मिळाला आणि त्याचे निदान लॉगशिवाय झालेच नसते. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने असताना, ओबीएस ध्वनीची हाताळणी १,०२४ नमुन्यांच्या तुकड्यांत करते, म्हणजे एक तुकडा सुमारे २१ मिलिसेकंदांचा असतो. एखाद्या स्रोताचा तुकडा वेळेवर आला नाही तर ओबीएस सर्व ध्वनीला तेवढे थांबवून ठेवते, आणि 'ऑडिओ बफरिंग'मध्ये २१ मिलिसेकंदांची भर टाकल्याची नोंद लॉगमध्ये करते. सुरुवातीला अशा दोन-तीन नोंदी दिसल्या तर काळजीचे कारण नाही. पण ही भर एकदा पडली की त्या सत्रात कमी होत नाही. ती वाढत वाढत सुमारे ९६० मिलिसेकंदांच्या कमाल मर्यादेपर्यंत जाऊ शकते, आणि मर्यादा गाठल्यावर उशिरा येणारा स्रोत तुटक येऊ लागतो किंवा पूर्णपणे गप्प होतो. मैत्रिणीच्या लॉगमध्ये पहिल्या पंधरा मिनिटांतच ही मर्यादा गाठल्याची ओळ होती.

याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे प्रोसेसरवरील अतिभार. ती चित्राचे एन्कोडिंग एक्स२६४ ने, म्हणजे प्रोसेसरवरच करत होती, आणि खेळालाही तोच प्रोसेसर लागत होता. एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले, खेळाची फ्रेमसंख्या सेकंदाला ६० वर बांधली, मागे उघडे राहिलेले ब्राउझरचे टॅब बंद केले आणि नव्याने ओबीएस सुरू केल्यावर बफरिंग ४२ मिलिसेकंदांच्या पुढे गेले नाही. भार कमी असूनही ही मर्यादा गाठली जात असेल तर एखादे उपकरण वेळेचे चुकीचे शिक्के देत असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्या स्रोताच्या गुणधर्मांतील 'यूज डिव्हाइस टाइमस्टॅम्प्स' ही खूण काढून पाहावी. प्रक्षेपण चालू असताना दोष आला आणि दुसरे काही सुचत नसेल, तर ओबीएस बंद करून पुन्हा सुरू करणे हा मान्य उपाय आहे, कारण त्याने साचलेले बफरिंग शून्यावर येते.

नॉइज गेटविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण मराठीत बोलणाऱ्यांना त्याचा त्रास अधिक होतो असे माझे मत झाले आहे. नॉइज गेट म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आला की बंद होणारे दार. ओबीएसमध्ये हे दार मुळात उणे २६ डेसिबलला उघडते आणि उणे ३२ ला बंद होते, आणि बंद होण्यापूर्वी २०० मिलिसेकंद थांबते. आता आपल्या वाक्याची घडण पाहा. क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि बोलताना आपला स्वर नेमका तेथेच खाली उतरतो. "हा रस्ता मोकळा नाही" या वाक्यातील "नाही" गेटच्या बाहेर राहिले की प्रेक्षकाला ऐकू येते "हा रस्ता मोकळा", आणि अर्थ उलटा होतो. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये "आहे", "होतं", "नव्हतं" असे शब्द मोठ्या संख्येने कापलेले सापडले. मला ते कळलेच नव्हते, कारण स्वतःचे बोलणे ऐकताना मन राहिलेली जागा भरून काढते.

उन्हाळ्यात सांगलीत पंखा बंद करून दोन तास बोलत बसणे शक्य नाही, त्यामुळे गेट किंवा तत्सम काहीतरी हवेच. मी आधी मिक्सरमध्ये पाहिले की माझा पंखा उणे ५५ च्या आसपास राहतो आणि माझे सर्वांत हळू बोलणे उणे ४० च्या जवळ जाते. त्यानुसार दार उघडण्याची पातळी उणे ४४, बंद होण्याची उणे ५० आणि थांबण्याचा काळ ४०० मिलिसेकंद ठेवला. फिल्टर वरून खाली या क्रमाने लागू होतात, म्हणून नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट दाबणारा फिल्टर, वर आणि गेट त्याखाली ठेवला. सप्रेशनसाठी ओबीएसमध्ये स्पीक्स आणि आरएननॉइज असे पर्याय आहेत. दुसरा न्यूरल नेटवर्कवर आधारलेला आहे आणि पंख्याच्या घरघरीसाठी तो मला निःसंशय चांगला वाटला. गेटऐवजी 'एक्स्पांडर' वापरला तर हळू आवाज एकदम कापला न जाता केवळ मंद होतो, आणि शांतपणे बोलणाऱ्यांनी तोच वापरावा असा माझा आग्रह राहील. आवाज तुटत असल्याची शंका आली की सर्व फिल्टर बंद करून दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग करावे. तुटणे थांबले तर शोध तेथेच संपतो.

विंडोजच्या दोन गोष्टी ओबीएसच्या कक्षेबाहेरच्या असल्या तरी येथे सांगणे भाग आहे. ध्वनीच्या जुन्या नियंत्रण खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा एक भाग आहे, आणि तेथे संभाषण सुरू झाल्यास इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. सोबत्याचा कॉल येताच खेळाचा आवाज एकदम बसतो तो यामुळे; तेथे 'डू नथिंग' निवडावे. दुसरी गोष्ट ब्लूटूथ हेडसेटची. अशा हेडसेटचा मायक्रोफोन सुरू झाला की पारंपरिक ब्लूटूथमध्ये तो संगीताच्या स्टिरिओ पद्धतीतून संभाषणाच्या एकपदरी पद्धतीत जातो, जिचा नमुनादर ८ किंवा १६ किलोहर्ट्झ असतो. त्या बदलाच्या क्षणी आवाज जातो आणि परत येतो तेव्हा तो टेलिफोनसारखा झालेला असतो. प्रक्षेपणासाठी तारेचा हेडसेट वापरावा. त्यासोबत विंडोजमधील प्रत्येक ध्वनिउपकरण आणि ओबीएस यांचा सॅम्पल रेट, म्हणजे नमुनादर, ४८ किलोहर्ट्झ असा सारखा ठेवावा. वेगळा असल्यास रूपांतर आपोआप होते हे खरे, पण शोधाच्या वेळी शंकेची एक जागा कमी झालेली बरी.

मोबाइलवर खेळणाऱ्यांना मात्र या परीक्षणाचा उपयोग मर्यादित आहे, आणि आपल्याकडे त्यांचीच संख्या मोठी आहे. अँड्रॉइड १० पासून खेळाचा आतील आवाज दुसऱ्या ॲपला घेता येतो, पण त्या खेळाने परवानगी नाकारली नसेल तरच. आणि मायक्रोफोन दोन सामान्य ॲपनी एकाच वेळी मागितला तर पडद्यावर समोर असलेल्या ॲपला तो मिळतो आणि दुसऱ्याच्या हाती शांतता येते. खेळातील व्हॉइस चॅट सुरू करताच प्रक्षेपणातला आवाज जाण्यामागे बहुतेकदा हेच असते. फोनचे चित्र कॅप्चर कार्ड या जोडणीच्या उपकरणाने संगणकावर आणून मायक्रोफोन थेट संगणकाला जोडला तर ओबीएसचे वर सांगितलेले सर्व लाभ मिळतात, मात्र त्यासाठी खर्च करावा लागतो.

आता ओबीएसमध्ये काय कमी आहे ते सांगते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे दोष त्याला कळतो, पण तो आपल्याला वेळेवर सांगत नाही. उपकरण सुटल्याची नोंद लॉगमध्ये जाते, बफरिंगची कमाल मर्यादा गाठल्याची नोंदही लॉगमध्येच जाते, आणि प्रक्षेपण करणारा माणूस मात्र खेळात गुंतलेला असतो. 'स्टॅट्स'च्या खिडकीत प्रोसेसर, स्मृती, फ्रेम, बिटरेट असे चित्र आणि जाळ्याचे आकडे आहेत. ध्वनीसाठी एकही आकडा नाही. निवडलेला मायक्रोफोन पाच सेकंद पूर्ण शांत असेल तर मिक्सरमधील त्याची पट्टी लाल करणे अशक्य नसावे. आज त्या पट्टीकडे स्वतः पाहत राहण्याशिवाय दुसरा मार्ग त्यात नाही, म्हणून मी मिक्सर दुसऱ्या पडद्यावर डोळ्यांच्या पातळीत आणून ठेवला आहे. दुसरी उणीव अशी की सहा ट्रॅकची ही उपयुक्त सोय 'ॲडव्हान्स्ड' या शब्दामागे दडलेली आहे, आणि नवखा माणूस त्या शब्दाला बिचकून तिथवर जातच नाही.

तरीही आवाजाचा दोष शोधण्यासाठी याहून चांगले मोफत साधन मी पाहिलेले नाही, आणि ज्यांना तांत्रिक शिक्षण नाही अशा लोकांनाही मी ते निःशंकपणे सुचवते, मात्र एका अटीवर : त्यांनी एक संध्याकाळ प्रक्षेपणाविना केवळ ट्रॅकच्या वाटणीसाठी द्यावी. नवा मायक्रोफोन किंवा नवी जोडणी घेण्याआधी ही संध्याकाळ द्यावी, कारण माझ्या बाबतीत लागलेला एकूण खर्च लॅनच्या पाच मीटर तारेचा होता, आणि जो मायक्रोफोन मी बदलायला निघाले होते तो आजही तोच आहे.

त्या रविवारनंतर माझी चाळीसहून अधिक प्रक्षेपणे झाली आहेत. प्रत्येकाआधी मी दहा मिनिटांचे चार ट्रॅकचे रेकॉर्डिंग करते, त्यात मुद्दाम "हा रस्ता मोकळा नाही" हे वाक्य हळू आवाजात बोलते आणि मायक्रोफोनचा ट्रॅक एकटा लावून ते पूर्ण ऐकू येते का हे पाहते. या काळात आवाज गेल्याची तक्रार एकदाच आली. त्या वेळी वीज गेली होती, आणि इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत चित्रही गेले होते.